ऊन पाण्याचा शब्द

जपानी माणसाला पाण्यासाठी एक शब्द पुरत नाही. गार पाणी ते ‘मिझु’, तापलेलं ते ‘यु’. चहाचं आधणही यु आणि आंघोळीचं पाणीही यु.

नीगाता प्रांतातल्या डोंगरांत युझावा नावाचं गाव आहे. ते लिहितात ‘ऊन पाणी’ आणि ‘डोंगरातला ओढा’ या दोन चिन्हांनी. कावाबाता यासुनारी १९३४मध्ये इथल्या ताकाहान सरायीत येऊन राहिले आणि ‘युकिगुनि’ ही हिमप्रदेशाची कादंबरी आकाराला आली. कादंबरीत गावाचं नाव कुठेच नाही. १९३१मध्ये खुल्या झालेल्या शिमिझु बोगद्यातून टोकियोची गाडी इकडे येई. ‘शिमिझु’ म्हणजे निर्मळ पाणी. म्हणजे मिझुतून शिरायचं आणि युमध्ये निघायचं! (‘युकि’ म्हणजे हिम. त्यातला ‘यु’ निराळा, कानांनी फसू नये.)

अशा ऊन झऱ्यांच्या गावात दिवसाचे तासही ‘यु’ या शब्दावर चालतात. सरायीत पाहुण्याला सुती ‘युकाता’ मिळतो. मूळ शब्द ‘युकाताबिरा’, न्हाणीत घालायचा बिनअस्तरी अंगरखा. पुढे शेपूट गळालं आणि कपडा न्हाणीबाहेर रस्त्यावर आला. न्हाऊन निघाल्यावरची सैल, तकतकीत अवस्था ती ‘युआगारि’. तशाच अंगाने थंडीत रेंगाळलात तर भरते ती हुडहुडी ‘युझामे’. आणि हावरटासारखं डुंबत बसलात तर ‘युआतारि’: आंबे बाधतात तसं ऊन पाणी बाधतं.

‘यु’चं चिन्ह आलं चीनमधून. तिथे आज त्याचा अर्थ सूप. न्हाणीघराच्या पडद्यावर ते पाहून चिनी प्रवाशाला क्षणभर काय वाटत असेल!

मराठी याबाबतीत दरिद्री नाही. उष्ण, प्राकृतात उण्ह, मग आपलं ऊन. पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे ही सगळी ऊन झऱ्यांच्या गावांची नावं. शिवाय कढत पाण्यात घालायच्या गार पाण्याला आपण ‘विसण’ म्हणतो. याबद्दल मला भाषेचा खरोखर अभिमान वाटतो.

गुन्मा प्रांतातल्या कुसात्सुला मात्र विसण चालत नाही. तिथलं पाणी पन्नास अंशांच्या वर. गार पाणी मिसळलं तर गुण उतरतो, म्हणून बायका गाणी म्हणत लांब फळ्यांनी ते ढवळून निववतात. या कामाला ‘युमोमि’ म्हणतात. ‘मोमु’ म्हणजे चोळणं, मळणं. कणीक मळावी तसं नव्हे, पण क्रियापद तेच.