निळीचा रंग आणि रंगविणारे हात

मराठी घरात आज 'नीळ' म्हटले की पांढऱ्या कपड्यांना अखेरच्या पाण्यात द्यायची पूड किंवा छोटी बाटली एवढेच डोळ्यांसमोर येते. त्या पुडीचा निळीच्या झाडाशी आता काहीही संबंध उरलेला नाही. शब्द राहिला, वनस्पती मात्र भाषेतून निघून गेली. आणि वनस्पतीसाठी वापरात असलेला 'गुळी' हा दुसरा शब्द तर जुन्या कोशांपुरता आणि गॅझेटियरांपुरताच उरला. डहाणूकडच्या एका परसात आम्ही निळीची चार झुडपे लावली, तेव्हा पाहणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी: यात निळे काय आहे? प्रश्न अगदी रास्त होता. झाड कमरेइतके वाढलेले, पाने तुरळक आणि हिरवीगार, पानांच्या बगलेत आलेले फुलांचे तुरे गुलाबी. निळा रंग कुठेच दिसत नाही. या लेखाचा विषय तो प्रश्नच आहे. निळीचा रंग दिसत नाही, तो काढावा लागतो. आणि तो ज्यांनी काढला त्यांच्याविषयी आपली परंपरा काय म्हणते, हे पाहण्याजोगे आहे.

आधी झाडाविषयी थोडेसे. इंडिगोफेरा टिंक्टोरिया हे तिचे शास्त्रीय नाव. बियांचे कवच कठीण असते. ती रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पावसाच्या तोंडावर पेरली तर उगवण बरी होते. शेंगवर्गातील असल्यामुळे ही वनस्पती फारसे खत मागत नाही, उलट मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र देते. मुळाशी साचलेले पाणी मात्र तिला सोसत नाही. म्हणून या किनाऱ्यावरच्या मुसळधार पावसात तिला भाताच्या खाचरात नव्हे, तर बांधावर किंवा उताराच्या जागी लावावे लागते. तीन-साडेतीन महिन्यांत ती कळीवर येते आणि तोच तिच्या कापणीचा काळ, कारण पानांतील रंगद्रव्य त्या सुमारास भरात असते. फुलांसाठी झाड लावणाऱ्याला ते फुलू देता येते. रंगासाठी लावणाऱ्याला ते फुलण्याच्या उंबरठ्यावरच कापावे लागते.

कापलेल्या फांद्या पाण्यात दाबून दहा-पंधरा तास भिजवल्या की पाणी आंबते आणि पिवळसर हिरवे होते. पानांतील इंडिकन या द्रव्याचे विघटन होऊन पाण्यात इंडॉक्सिल उतरते. मग ते पाणी हाताने, काठीने किंवा हौदात उतरून पायांनी तासन्‌तास घुसळायचे. हवेतील प्राणवायू मिळाला की निळा कण तयार होतो आणि तळाशी बसतो. वरचे पाणी काढून तो गाळ उकळायचा, गाळायचा, दाबून वड्या पाडायच्या. एवढे करूनही काम संपत नाही, कारण ही वडी पाण्यात विरघळत नाही. कापड रंगवायचे तर चुना आणि आंबवण घालून तिचे पुन्हा पाण्यात उतरेल असे रूप करावे लागते. दक्षिणेकडचे रंगारी या आंबवणासाठी टाकळ्याचे बी उकळून घालीत. पहिल्या पावसानंतर डहाणू-तलासरीत ज्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडली जातात, तोच हा टाकळा. पिंपातून काढलेले कापड पिवळट हिरवे असते आणि वारा लागताच पाहता पाहता निळे होते. या साऱ्या कामाला दर्प येतो, हात कोपरापर्यंत निळे होतात आणि ते धुतले तरी लवकर निघत नाहीत.

या चिवटपणाचे कौतुक संस्कृत परंपरेने मनापासून केले आहे. पाणिनीच्या सूत्रांत रंगविलेल्या वस्त्रांविषयीचे जे प्रकरण आहे, त्यात कात्यायनाने नीलीसाठी स्वतंत्र वार्तिक दिले: नीलीने रंगविलेले ते 'नील'. म्हणजे वस्त्राच्या बाबतीत तरी व्याकरणाने वनस्पती आधी मानली आणि रंग नंतर. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त पूर्वरागाचे तीन प्रकार सांगितले, ते तीन रंगद्रव्यांवरून. कुसुंभराग झळकतो पण उडून जातो. मंजिष्ठाराग झळकतो आणि टिकतोही. नीलीराग फारसा झळकत नाही, पण मनातून कधी जात नाही. राम-सीतेचे प्रेम हे त्याचे उदाहरण. शृंगाराचा विचार करताना शास्त्रकाराला रंगाऱ्याच्या पिंपाकडे जावे लागले, ही गोष्ट काव्यशास्त्र शिकवताना आपण सहसा सांगत नाही.

त्याच परंपरेची दुसरी बाजू स्मृतिग्रंथांत आहे. ब्राह्मणाने आपत्काळातही ज्या वस्तू विकू नयेत, त्यांच्या मनुस्मृतीतील यादीत मद्य आणि लाख यांच्याबरोबर नीळ आहे. आपस्तंबाच्या नावावर असलेल्या पद्यस्मृतीत तर निळीचे स्वतंत्र प्रकरण आहे. निळीची लागवड, विक्री आणि तिच्यावरची उपजीविका ब्राह्मणाला पतित करणारी ठरते. निळीने रंगविलेले वस्त्र अंगावर आले तरी उपवास आणि पंचगव्य सांगितले आहे. एका ग्रंथात नीली सीतारामाच्या प्रेमाची उपमा होते, दुसऱ्यात तिच्या स्पर्शासाठी प्रायश्चित्त सांगितले जाते. या दोहोंत विसंगती नाही, असे मला वाटते. रंग हवा होता. रंग काढण्याचे काम आणि ते करणारा माणूस दूर हवा होता.

पंचतंत्रातील निळ्या कोल्ह्याची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी. कुत्र्यांना भिऊन चंडरव नावाचा कोल्हा निळीच्या पिंपात पडतो, निळा होतो, राजा होतो आणि अखेर आपल्याच ओरडण्याने उघडा पडतो. रंग शेवटपर्यंत उतरत नाही, जात उघडी पडते, असा हा बोध शतकानुशतके सांगितला गेला. ज्याच्या घरात ते पिंप होते, तो रंगणारा मात्र पिंपापाशीच राहतो. कथेला त्याच्याशी पुढे काही कर्तव्य नसते. महाराष्ट्रातही वेगळे घडले नाही. सोलापूर, नगर, नाशिक या भागांत निळीने सूत रंगविणाऱ्यांची 'निराळी' ही जात असल्याचे ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटियर नोंदवतात. आपल्या लावण्यांत आणि ओव्यांत चंद्रकळेचे कौतुक सापडते. निराळ्याचे नाव शोधूनच काढावे लागते.

डहाणूच्या किनाऱ्यावरून पाहिले तर हा व्यापाराचाही इतिहास आहे. सतराव्या शतकात अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ सुरतेच्या बंदरातून युरोपला जात होती. डहाणूचा किल्ला त्या काळी पोर्तुगीजांकडे होता. १७३९ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. पोर्तुगीज निळीला 'अनिल' म्हणत. संस्कृत 'नील' फारसीतून अरबीत गेला, तेथे 'अन्-नील' झाला आणि पोर्तुगीजांच्या तोंडी 'अनिल' बनला. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी निळीपासून मिळवलेल्या एका द्रव्याला 'अनिलीन' नाव दिले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणून भारतीय निळीचा व्यापार मोडीत काढणाऱ्या जर्मन कंपनीचे नाव होते 'बाडिश अनिलीन उंड सोडा फाब्रिक'. झाडाला ज्या कारखान्याने हद्दपार केले, त्याच्या पाटीवर झाडाचेच नाव होते.

दरम्यान बंगाल आणि बिहारमध्ये निळीचा अर्थ बदलला होता. मळेवाले रयतेला अगाऊ रक्कम देऊन कर्जात अडकवीत आणि भाताच्या जमिनीत नीळ पेरायला लावीत. १८५९ मध्ये बंगालच्या रयतेने निळीची पेरणी नाकारली. १८६० मध्ये दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' नाटक आले. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. चंपारणात 'तिनकठिया' होती: बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावणे रयतेला बंधनकारक. १९१७ च्या सत्याग्रहानंतर १९१८ च्या कायद्याने ती संपली. मराठी वाचकाला या प्रकरणात एक ओळखीचे नाव भेटते. गांधीजींच्या बोलावण्यावरून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे पती बबन गोखले चंपारणात गेले आणि तेथील खेड्यात त्यांनी शाळा चालवली. १९१८ मध्ये अवंतिकाबाईंनी लिहिलेले गांधीजींचे मराठी चरित्र प्रसिद्ध झाले. त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना होती. गांधींच्या मराठी चरित्रलेखनाचा आरंभ असा निळीच्या शेतातून आलेल्या लेखणीने झाला.

डहाणू-तलासरीत निळीचे मळे नव्हते. येथे गवत होते आणि जंगल होते. पण निळीच्या मळ्यावरील अगाऊ रकमेचे तंत्र या भागाला परके नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतलेला वारली त्याचा 'लग्नगडी' होई आणि नवराबायको दोघेही त्याच्या घरी, शेतावर, कुरणात राबत. त्यावर पुन्हा वेठ. २३ मे १९४५ रोजी झरी येथे जमलेल्या हजारो वारल्यांनी वेठ न करण्याची शपथ घेतली. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्यात श्यामराव परुळेकरांसह उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये लिहिले. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. 'नीलदर्पण' आणि हे पुस्तक यांत एकशे दहा वर्षांचे अंतर आहे, आणि एक महत्त्वाचा फरकही. नाटकात रयतेचे दुःख दिसते. गोदावरीबाईंच्या पुस्तकात राबणारे हात काम थांबवण्याचा निर्णय घेताना दिसतात.

याच मुलखातील वारली चित्रांत निळा रंग नाही, हेही येथे आठवते. लग्नाचा चौक गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जातो. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली. या भागातील रानात काळा कुडा आहे, ज्याच्या पानांतूनही नीळ निघते. परसात टाकळा आहे. तरी भिंतीवर आले ते माती आणि तांदूळ. ही उणीव मानण्याचे कारण नाही. हे दोन्ही रंग ज्यांनी वापरले, त्यांच्याच हातांनी ते तयार केले होते. हौद, घाणा, बाजार आणि मक्ता यांची त्यांना गरज नव्हती.

निळ्या रंगाचा मराठीतील आजचा अर्थ मात्र वेगळाच आहे. १९४२ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता, आणि दलित कवितेत हा रंग स्वाभिमानाचा म्हणून आला. स्मृतींना उत्तर म्हणून तो निवडला गेला असे मला सुचवायचे नाही. तरीही ज्या रंगाच्या स्पर्शाला एके काळी प्रायश्चित्त सांगितले होते, तो आज लाखो माणसे हातात उंच धरतात, एवढी वस्तुस्थिती साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी. 'नीलीराग' शिकवताना विद्यार्थ्यांना स्मृतीतील ते प्रकरणही दाखवावे, आणि 'नीलदर्पणा'बरोबर गोदावरीबाईंचे पुस्तक वाचायला द्यावे.

परसातल्या चार झुडपांपैकी तीन आम्ही कळीवर असताना कापली. एका बादलीभर पानांतून, दिवसभर घुसळून, अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा निळा गाळ निघाला. चौथे बियांसाठी राखले आहे. त्याला सध्या गुलाबी तुरे आले आहेत. यात निळे काय आहे, असे आता कोणी विचारले तर पाने दाखवून भागत नाही. मी त्यांना बादलीपाशी नेतो आणि पाणी घुसळायला सांगतो.