राजाला न रुचलेले वेदीचित्र

माद्रिदच्या वायव्येस, ग्वादारामा पर्वताच्या पायथ्याशी एस्कोरियलचा मठ उभा आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५६३ साली त्याचा पाया घातला. तेथील मंदिरात वेद्या पुष्कळ, आणि प्रत्येक वेदीवर चित्र हवे. या कामावर नेमलेला मुका चित्रकार नाव्हारेते १५७९ मध्ये निवर्तला. पुढल्या वर्षी एका वेदीचे काम टोलेडोतील एका परदेशी चित्रकाराकडे आले. क्रीट बेटात जन्मलेल्या, व्हेनिस व रोम पाहून आलेल्या या गृहस्थाचे नाव दोमेनिकोस थिओटोकोपुलोस. स्पॅनिश जिभेला ते कोठून पेलणार? लोक त्याला ‘एल ग्रेको’, म्हणजे ‘ग्रीक’, एवढेच म्हणत.

विषय होता संत मॉरिसचे हौतात्म्य. रोमन देवतांना बळी देण्याचे नाकारल्यामुळे हा सेनानी आपल्या ख्रिस्ती सैनिकांसह शिरच्छेदास सामोरा गेला, अशी कथा आहे. चित्रकाराला पैसा आणि उत्तम रंग, विशेषतः महागडा निळा रंग, पुरवावा अशी राजाज्ञाही सुटली.

१५८२ मध्ये चित्र मठात पोहोचले. राजा त्या वेळी लिस्बनला होता. पोर्तुगालचे राज्य, आणि त्यासवे आपल्याकडील गोवा, वसई व चौल, नुकतेच त्याच्या हाती आले होते. चित्राचे मोल ८०० डुकाट ठरले व तेवढे दिलेही गेले. परंतु राजाला चित्र रुचले नाही. वेदीवर रोमुलो चिंचिनातो या चित्रकाराचे त्याच विषयावरील चित्र लागले.

राजा अरसिक होता, असे मात्र कोणी समजू नये. तिशियानची चित्रे त्याने हौसेने जमविली होती. एल ग्रेकोने पुढे रंगविला तो मॉरिस आणि त्याचे सोबती यांचा गंभीर विचारविनिमय. प्रत्यक्ष शिरच्छेद मागे, लहानशा आकृतींत. मरण पत्करण्याचा निश्चय हाच त्याच्या दृष्टीने खरा प्रसंग होता. परंतु वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्याला हुतात्मा समोर दिसावा लागतो. मठाचा इतिहासकार सिग्वेन्सा यानेही पुढे लिहिले, की संतांची चित्रे पाहून प्रार्थनेची इच्छा व्हावी, ती मावळू नये. मला हा आक्षेप पोरकट वाटत नाही. चित्र थोर आहे, आणि तरीही ते त्या जागेचे नव्हते.

राजाकडून एल ग्रेकोला पुन्हा काम मिळाले नाही. १६१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो टोलेडोतच राहिला. चित्र मात्र एस्कोरियलमध्येच आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यात एका सापाने तोंडात कागद धरला आहे, आणि त्यावर चित्रकाराची सही आहे, ग्रीक लिपीत.