माहितीशोधाच्या प्रेरणा

माहिती मिळवण्यास किंवा टाळण्यास प्रवृत्त करणारी मानसिक कारणे [→ प्रेरणा]. टाली शारोट व कॅस सन्स्टीन यांनी २०२० मध्ये तीन कारणे मांडली : कृतीस उपयोग, भावनेवरील परिणाम आणि आकलनात भर. ख्रिस्तोफर केली व शारोट यांच्या २०२१ मधील संशोधनानुसार या कारणांना दिले जाणारे सापेक्ष महत्त्व व्यक्तिगणिक वेगळे, काळानुसार बरेचसे स्थिर आणि मानसिक आरोग्याशी निगडित असते. उदाहरणार्थ, चिपळूण शहरात २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने बाजारपेठ बुडाली. अशा शहरात नदीची पातळी, भरतीची वेळ व कोयना प्रकल्पाच्या पाण्याचा विसर्ग विचारणे सामान माळ्यावर चढवण्यासाठी आवश्यकच असते. धीर मिळवण्यासाठीही तीच चौकशी होते. पाणी ओसरल्यावरही ती न थांबणे किंवा इशारा ऐकणेच टाळणे, ही दोन्ही चिंतेची लक्षणे असू शकतात [→ चिंता, आघातोत्तर तणाव विकृती].