फटफटीचा जीर्णोद्धार

पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करणारास आपल्याकडे पुण्यवान म्हणतात. पडक्या यंत्राचा जीर्णोद्धार करूं पाहणारास मात्र घरचीं माणसेंसुद्धां वेडगळ समजतात. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही या दुसऱ्या वर्गांत मोडतों. आमच्या वडिलांनीं 1972 सालीं घेतलेली बुलेट फटफटी त्यांच्या मागें नऊ वर्षें वाड्याच्या बोळांत गोणपाटाखालीं उभी होती. पळस फुलण्याच्या सुमारास, म्हणजे येत्या फाल्गुनांत, ती भोरवरून वरंधा घाटानें महाडास न्यावयाची असा संकल्प आम्हीं सोडला. इतिहासाचा अध्यापक असा कांहीं संकल्प करतो तेव्हां हातांत पाना घेण्यापूर्वीं तो कागदपत्रें चाळीत बसतो. आम्हींही तेंच केलें.

या यंत्राचें कुलवृत्त मोठें चमत्कारिक आहे. इंग्लंडांतील रेडिच हें सुयांसाठीं प्रसिद्ध असलेलें गांव. तेथील एका कारखान्यास एनफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेला सुटे भाग पुरविण्याचें काम मिळालें, आणि त्या अभिमानानें त्यानें आपल्या मालास 'रॉयल एनफील्ड' हें नांव दिलें. 1857 सालीं ज्या काडतुसांवरून उत्तर हिंदुस्थान पेटला, तीं याच एनफील्डच्या रायफलींचीं. तें नांव पेट्रोलच्या टाकीवर मिरवीत आमचे वडील वर्षानुवर्षें कचेरीस जात असत. त्यांना त्यांत कांहीं विसंगत वाटलें नाहीं, आणि आम्हांलाही परवांपर्यंत वाटलें नव्हतें. कारखान्याची पहिली फटफटी 1901 सालीं निघाली. 'बुलेट' हें नांव 1932 चें. 1955 सालीं 'मद्रास मोटर्स'शीं भागीदारी होऊन मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथें कारखाना निघाला. प्रथम तेथें विलायतेहून आलेले भाग नुसते जोडीत. पुढें ते येथेंच घडूं लागले. 1970 सालीं विलायतेंतील मूळ घराणें निर्वंश झालें. मद्रासची शाखा मात्र तोच सांगाडा आणि तोच 70 मिलिमीटर व्यासाचा, 90 मिलिमीटर धांवेचा सिलिंडर घडवीत राहिली, आणि 1977 पासून त्या फटफट्या उलट विलायतेस विक्रीला जाऊं लागल्या. आई निवर्तल्यावर माहेरचा स्वयंपाक सासरीं गेलेल्या मुलीच्या हातीं उरावा, तसेंच हें झालें.

जुन्या फटफटीस वसंतासाठीं सज्ज करण्याची चालही मूळची तिकडचीच. तेथें हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि मीठ लोखंड खातें. म्हणून जपणुकीनें वागणारे लोक थंडीच्या प्रारंभीं गाडी आंत घेतात ती मार्चमध्यें बाहेर काढतात. सनबीम मोटर सायकल क्लबानें 1930 सालीं सुरू केलेली 'पायोनियर रन' नांवाची फेरी निघते ती याच दिवसांत. 1915 पूर्वींच्या फटफट्यांनाच तींत प्रवेश; एप्समहून निघून समुद्रकांठच्या ब्राइटनपर्यंत जाण्याचा प्रघात पुष्कळ वर्षें चालला. पहिल्या फेरीच्या वेळीं त्यांतील कित्येक गाड्या अवघ्या पंधरा-वीस वर्षांच्या असतील. आज त्यांतील धाकट्यांत धाकटीचेंही वय शंभराच्या वर आहे, आणि तरी त्या रस्त्यावर येतात. याचें श्रेय इंग्रजांच्या पुराणवस्तुप्रेमापेक्षां पंचांगास अधिक आहे, असें आमचें मत आहे. पालखीचा दिवस ठरलेला असतो, म्हणूनच तिचा मोडका दांडा वेळेवर दुरुस्त होतो.

आमच्या पालखीचा दांडा बराच मोडला होता. आमच्या मिस्त्रींचें वय सत्तरीच्या घरांत. वडिलांच्या हयातींत याच गाडीचें इंजिन त्यांनीं दोनदां खोललेलें. पिस्टन सिलिंडरास धरून बसला होता. प्लगच्या भोंकांतून डिझेल ओतून चार दिवस वाट पाहिली तेव्हां तो हलला. मग सिलिंडर बोअर करून एक माप मोठा पिस्टन बसविला. कार्ब्युरेटरांत पेट्रोल आटून राळेसारखें झालें होतें, तर टाकींतून गंजाचे पापुद्रे मूठभर निघाले. ब्रेकचे लायनर, केबली, पॅकिंगें यांसाठीं नाना पेठेच्या ज्या खेपा घातल्या त्यांची गणती आतां नको. बुलेटचें तेल इंजिनाच्याच पोटांतील एका कप्प्यांत असतें. गाडी फार दिवस उभी राहिली कीं तें पंपावाटे झिरपून खालीं उतरतें, आणि तें न काढतां किक मारली तर सारा बोळ धुरानें भरतो. आम्हीं तो भरला.

खरी विद्या पुढेंच आहे. दिव्याच्या टोपींत ॲम्पमीटर असतो. त्याच्या कांट्याकडे पाहात पायानें किक हलके दाबावयाची. झुकलेला कांटा मध्यावर परतला कीं पिस्टन माथ्याजवळ आला असें समजावें. मग डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित् पुढें सरकवावा, डीकॉम्प्रेसर सोडावा, आणि मग मनापासून किक मारावी. मिस्त्रींस हें कोणीं लिहून दिलें नव्हतें. त्यांच्या उस्तादानें त्यांचा पाय धरून शिकविलें. आम्हीं उभा जन्म दप्तरांत घालविला, परंतु असा दस्तऐवज एकाही रुमालांत पाहिला नाहीं.

आतां प्रश्न नोंदणीचा उरला. 2021 च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाडी मूळ स्वरूपांत असेल तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करतां येते. मात्र मग ती नित्याच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच मोकळीक. ही दृष्टि आपणांस नवी नाहीं. 1904 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यापासून जपणें म्हणजे हात न लावणें हा अर्थ आपल्याकडे रुळला आहे. अहिल्याबाईंनीं 1780 सालीं काशीविश्वेश्वराचें देऊळ नव्यानें बांधविलें, तेव्हां त्यांत मूळचे दगड किती हें कोणीं विचारलें नाहीं. पूजा चालली एवढें पुरें झालें. अर्थात् जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं हेमाडपंती खांबांस फासलेला तेलरंगही आम्हीं पाहिला आहे, त्यामुळें या बाबतींत आमचें मन निःशंक नाहीं. उजवीकडील पायटेकणाचें रबर वडिलांच्या बुटाखालीं एका कडेस झिजलें आहे. नवें रबर पन्नास-साठ रुपयांस मिळतें. तें बदलूं नये असें आम्ही म्हणालों, तेव्हां मिस्त्रींनीं विचारलें, "सर, गाडी चालवायची आहे कीं दाखवायची?"

दंड भरून साध्याच नोंदणीचें पांच वर्षांसाठीं नूतनीकरण करून घेतलें. रबर जुनेंच ठेवलें आहे; पाय घसरतो म्हणून मिस्त्रींनीं त्यावर तार गुंडाळून दिली आहे. महाडास जाण्याचा दिवस ठरला, पण किक अद्याप आमच्यानें दहांत चार वेळांच लागते.