ट्युलिपच्या बागेतली बंदूक

1825 साली ब्रिस्टलजवळच्या एका भिंतीबंद बागेत शेजारची लांडोर शिरली. एकोणीस वर्षांचा एक तरुण भिंतीवर चढला, दोन-तीनदा हाका मारल्या आणि उत्तर येईना म्हणून आत उतरला. झुडपांतल्या तारेला त्याचा पाय लागला, बंदूक उडाली आणि छर्रे गुडघ्यात घुसले.

मालकाची ट्युलिपं आधी चोरीला गेली होती. म्हणून त्याने ही आपोआप उडणारी बंदूक लावली. सूचनेची पाटी मात्र मुद्दामच लावली नाही. चोर सावध झाला तर सापडणार कसा? म्हणजे हेतू राखणीचा नव्हताच, जखमी करण्याचा होता. 1828 मध्ये न्यायालयाने नेमके त्यावरच बोट ठेवले आणि तरुणाला भरपाई मिळाली. आठच वर्षांपूर्वी, 1820 मध्ये, बंदुका लावल्याचे माहीत असूनही रानात कवचफळे वेचायला शिरलेला माणूस अशाच खटल्यात हरला होता.

दरम्यान 1827 च्या कायद्याने अशा बंदुका आणि माणूस पकडणारे सापळे लावणे गुन्हा ठरवले. सूट एकच: सूर्यास्त ते सूर्योदय, राहत्या घरात.

रात्रीच्या घराला दिलेली ही खास वागणूक भारतातही दिसते. 1860 च्या दंड संहितेचे कलम 103 जबरी चोरी, रात्रीची घरफोडी आणि राहत्या घराला आग लावणे यांत जीवघेण्या प्रतिकाराला मुभा देत होते. साध्या चोरीत मात्र मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती हवी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम 41 मध्ये आहे. तिथे ‘रात्री’ऐवजी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी असे स्पष्ट लिहिले आहे.