खानदेशातील तांबे आणि कोळशाची साक्ष

तापी आणि गिरणा या नद्यांच्या काठी ताम्रपाषाणयुगीन वस्त्या होत्या, ही गोष्ट आता सर्वविदित आहे. जळगाव जिल्ह्यातील गिरणेकाठच्या बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ व १९५६-५७ साली उत्खनन केले. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे हे स्थळ बी. के. थापर यांनी १९५४-५५ साली उकरले. ते त्या वेळी पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडते. पुढे साक्री तालुक्यातील कवठे येथे डेक्कन कॉलेजाच्या वतीने उत्खनन झाले. या संस्कृतीच्या लोकांना तांबे परिचित होते. परंतु त्याबरोबरच लहान दगडी पात्यांची हत्यारेही ते सर्रास वापरीत, यावरून तांबे मुबलक नसावे असे अनुमान निघते. आणि ते स्वाभाविकही आहे. खानदेशची भूमी बेसाल्ट खडकाची आहे. उपयोगात आणण्याजोगे ताम्रखनिज तीत नाही. धातू बाहेरून, बहुधा राजस्थानच्या बाजूने, येत असला पाहिजे.

येथूनच एक पद्धतीचा प्रश्न उद्भवतो. उत्खननात राख आणि कोळसा जागोजागी सापडतो. धातुविद्येच्या इतिहासात हा कोळसा मोठा पुरावा मानला जातो, आणि तो मानणे रास्तच आहे. परंतु कोणत्या गोष्टीचा पुरावा? जेथे खाणच नाही, तेथील कोळसा खाणकामाविषयी काही सांगू शकत नाही. खाणीतील लाकडाचा उपयोग पाहावयाचा तर खाणीपर्यंत गेले पाहिजे.

असे ठिकाण उदयपूरजवळील जावर हे होय. १९८० नंतरच्या दशकात हिंदुस्तान झिंक, बडोद्याचे महाराज सयाजीराव विद्यापीठ व ब्रिटिश म्युझियम यांनी तेथे संयुक्त संशोधन केले. जुन्या भुयारांत कोळसा व राख यांचे जाड थर आढळले, आणि भिंती गोलसर, गुळगुळीत झालेल्या दिसल्या. खडकाला लाकडे रचून आग लावावयाची, तापून तो तडकला म्हणजे घण-पहारीने फोडावयाचा, अशी ही रीत. इजिप्तच्या सीमेवरील सोन्याच्या खाणींचे वर्णन करताना ग्रीक लेखकांनीही हीच रीत सांगितली आहे. जावरच्या भुयारांतील लाकडी अवशेषांचा काल किरणोत्सर्गी कार्बनाने इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धाच्या सुमाराचा ठरला आहे. त्याच स्थळी पुढे जस्त गाळण्याच्या भट्ट्या चालल्या. तेथे मातीच्या मुशी ओळीने उलट्या लावून खालून जस्ताचे बाष्प गोठवून घेत. त्या भट्ट्यांनाही इंधन लागलेच. एकाच डोंगरात जळलेल्या लाकडाचे प्रकार असे दोन झाले.

या दोहोंत भेद करणे आवश्यक आहे. खडक तापविण्यासाठी लागते ते कच्चे लाकूड. तेथील कोळसा हा आगीचा उरलेला अंश होय. धातू वितळविण्यासाठी मात्र लाकूड आधी झाकून जाळून कोळसा मुद्दाम करावा लागतो. तांबे १,०८३ अंश सेल्सिअस उष्णतेला वितळते, आणि ती उष्णता भात्याच्या वाऱ्याने पेटविलेल्या कोळशातूनच सहज मिळते. अशा कोळशासाठी त्याच्या कित्येक पट लाकूड खर्ची पडते. खणून काढलेल्या तुकड्याकडे नुसते पाहून हा भेद बहुधा कळत नाही. तो कोठे, कशाच्या सान्निध्यात सापडला यावरच निर्णय अवलंबून राहतो.

मराठीत दोन्ही वस्तूंना 'कोळसा' हाच शब्द आहे, त्यामुळे घोटाळा वाढतो. जुन्या भाषा या बाबतीत अधिक काटेकोर होत्या. मराठी 'इंगळ' हा संस्कृत 'अङ्गार', प्राकृत 'इंगाल' यांपासून आला. अर्धमागधी 'उवासगदसाओ' या ग्रंथात श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा व्यवसायांची यादी आहे. तीत 'इंगालकम्म' म्हणजे कोळसा पाडणे हा पहिला, 'वणकम्म' म्हणजे जंगलतोड हा दुसरा, आणि 'फोडीकम्म' म्हणजे जमीन फोडणे, खणणे हा वेगळा, पाचवा व्यवसाय आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने 'योगशास्त्रा'त अंगारजीविकेचा अर्थ विस्तारून कुंभार, लोहार, सोनार, वीटभट्टीवाले यांनाही तीत गोवले, खोदकाम करणारा मात्र निराळाच ठेवला. धर्मशास्त्रकारांचा उद्देश हिंसेचा विचार करण्याचा होता, खनिजविद्येचा नव्हे. तरीपण कोळसा आणि भट्टी ही एका घरची, खाण दुसऱ्या घरची, हे वर्गीकरण व्यवहारातलेच असले पाहिजे. खानदेशातील कोळसा या पहिल्या घरचा होय.

कोळशात लाकडाच्या पेशींची रचना टिकून राहते. आडवा तुकडा मोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता सागवानाच्या वार्षिक कड्यांतील मोठी छिद्रे एका ओळीत दिसतात. बाभूळ व खैर यांची ठेवण निराळी असते. कड्यांच्या वक्रतेवरून लाकूड फांदीचे की खोडाचे, हेही बरेचदा कळते. इस्राएलमधील तिम्ना खोऱ्यातील तांब्याच्या भट्ट्यांजवळच्या बाराशेहून अधिक तुकड्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. आरंभी तेथे बाभळीच्या जातीचे व एका वाळवंटी झुडपाचे उत्तम लाकूड वापरले जाई, पुढे हलक्या प्रतीचे लाकूड येऊ लागले, असे त्यावरून दिसून आले. इंधन संपत गेले, आणि ते कोळशानेच सांगितले.

अंजनासारखे अत्यंत जड लाकूड ज्या प्रदेशात वाढते, त्या खानदेशात हा प्रश्न विचारण्यास पुरेसे कारण आहे. मूस किंवा धातुमळी यांच्या शेजारचा कोळसा अंजनाचा निघाला, की नदीकाठच्या बाभळीचा, की दूरच्या सातपुड्यातील सागाचा, यावरून तांबटाचे इंधन कोठून येत होते हे ठरविता येईल. परंतु एक अडचण आहे. कार्बन-कालमापनात नमुना जाळून नष्ट होतो, आणि जळलेल्या नमुन्याचे झाड मागाहून ओळखता येत नाही. शिवाय जुन्या वृक्षाच्या गाभ्याचा कोळसा असेल तर निघणारा काल वस्तीच्या कालापेक्षा मागचा येतो; त्यामुळे फांदी की खोड हे कालमापनाआधीच माहीत असणे दोन्ही अंगांनी इष्ट आहे. साठीच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ताम्रपाषाणयुगीन स्थळांचे काल निघू लागले, तेव्हा सर्वांचे लक्ष वर्षांच्या आकड्यांकडे असणे समजण्यासारखे होते. संग्रहात उरलेला कोळसा मात्र आधी सूक्ष्मदर्शकाखाली जावा आणि मगच प्रयोगशाळेच्या भट्टीत.