मालिका मी कानानं बघतो

आम्ही कोल्हापूरकर सिनेमाचा विषय निघाला की जरा छाती काढूनच बोलतो, आणि त्याला कारणही आहे. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली पडद्यावर आला, तो प्रभात कंपनीनं इथंच, कोल्हापुरात तयार केला होता. दिग्दर्शन शांतारामबापूंचं, राजा गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गाबाई खोटे. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली, तो भाग वेगळा. पण मराठी बोलपट पहिल्यांदा बोलला तो या गावात. म्हणून असेल, टीव्हीवरच्या मालिकांना मी एकच माप लावतो : माणूस बोलतंय कसं? दागिने, वाडे, शालू हे नंतरचं.

हे माप मला शेजारच्या काकूंच्या सोप्यात मिळालं. आमच्या गल्लीत टीव्ही पहिल्यांदा त्यांच्याकडं आला. १९८७ साली दूरदर्शनवर ‘स्वामी’ लागली तेव्हा मी कॉलेजात होतो. कादंबरी रणजित देसाईंची, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या कोवाडच्या माणसाची; त्यामुळं मालिका जणू घरचीच. दिग्दर्शक गजानन जागीरदार. १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’त ते स्वतः रामशास्त्री झाले होते, आणि इथं त्याच काळाची गोष्ट दुसऱ्यांकडून वदवून घेत होते. माधवराव झालेले रवींद्र मंकणी आवाज न चढवता बोलायचे. रमाबाई झालेली मृणाल देव तर त्याहून कमी बोलायची. पेशवा क्षयानं खंगत चाललाय, हे आम्हाला रंगभूषेपेक्षा त्या संथ बोलण्यातून कळत होतं. काकू पदर डोळ्याला लावायच्या, आणि उंबऱ्याजवळ बसलेली माझी अम्माही.

मग ‘महाभारत’ आलं. १९८८ ते १९९०, चौऱ्याण्णव भाग. रविवारी सकाळी गल्लीत चिटपाखरू दिसत नसे. त्याचे संवाद डॉ. राही मासूम रझांचे, गाझीपूरकडच्या एका मुसलमान कादंबरीकाराचे. ही गोष्ट मला काकूंच्या मोठ्या मुलानं श्रेयनामावली वाचून दाखवली, आणि माझ्या मनात काय झालं ते आज सांगता येणार नाही. मी तेव्हा चोरून मराठी कविता लिहीत होतो. ‘आपली भाषा सोडून ही कशाला?’ असं घरातले काही म्हणत, बाहेरचे काही म्हणत. रझांच्या संवादांवर सारा देश डोलत होता. त्याच मालिकेत फिरोज खान अर्जुन झाला, आणि पुढं त्यानं तेच नाव लावलं.

अभिनयाचं म्हणाल तर त्या मालिकेतले दोघे माझे लाडके. एक गुफी पेंटल यांचा शकुनी. तो ‘भांजे’ म्हणायचा ते नुसतं ऐकलं तरी पुढचं कारस्थान कळायचं. दुसरा ‘समय’, हरीश भिमाणींचा नुसता आवाज. तोंड नाही, मुकुट नाही, तरी अख्ख्या मालिकेचा धाक त्या आवाजात होता.

१९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झाली आणि मराठी मालिका हळूहळू रोजची झाली. रोजच्या मालिकेवर टीका करणं सोपं आहे. ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली आणि तीन हजारांहून जास्त भाग चालली. रोहिणी हट्टंगडींसारखी, ॲटनबरोंच्या ‘गांधी’त कस्तुरबा झालेली नटी होती म्हणून ते ओझं पेललं. सकाळी हातात कागद पडणार आणि संध्याकाळपर्यंत इतकी मिनिटं भरायची म्हटल्यावर नटानं दम घ्यायचा कुठं? मग तोच चेहरा तीनदा जवळून दाखवायचा आणि मागं ढग गडगडवायचे. यात नटाला दोष देण्यात अर्थ नाही.

ऐतिहासिक मालिकांत मात्र माझा कान दुखतो. श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’मध्ये (१९८८) शिवाजीराजे नसीरुद्दीन शाह होते आणि औरंगजेब ओम पुरी. मला आठवतो तो औरंगजेब हळू बोलणारा आहे. आणि ते बरोबरच आहे. १७०१ साली पन्हाळ्याला वेढा घालून बसला तेव्हा हा बादशहा ऐंशी ओलांडलेला म्हातारा होता. पुढं आमच्या पडद्यावर जे खान आणि सरदार आले, ते बहुतेक काजळ घालून मोठ्यानं हसतात. शत्रू असा हसरा आणि खुळा दाखवला की त्याच्याशी लढणाऱ्याचं मोठेपण कमी होतं, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात कसं येत नाही?

२०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली आणि चित्रीकरण आमच्या वसगड्यात. वाडा बघायला गाड्या भरून माणसं येत. हार्दिक जोशींच्या राणाचं ‘चालतंय की’ लहान पोरांच्या तोंडी बसलं. राणाचा भाबडेपणा मला आवडला. बोलीबद्दल मात्र तक्रार आहे. वाक्याला हेल लावला की कोल्हापुरी झाली, असं नसतं. आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात; ते तिथं माझ्या कानावर आलं नाही.

आणि त्या बोलीत आम्हीही आहोत. घरात आम्ही दखनी बोलतो, तिच्यात निम्मे शब्द मराठीच. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की अस्सल कोल्हापुरी. हे पडद्यावर कधी दिसेल अशी आशा होती. काही वर्षांपूर्वी एका मालिकेची मंडळी आमच्या भागात आली. त्यांना अत्तर विकणारा चाचा हवा होता, एका प्रसंगापुरता. माझी दाढी बघून मला धरलं. मला हौस, मी गेलो. वाक्य होतं नायिकेला सावध करण्याचं. मी म्हणालो, ‘‘पोरी, दमानं जा की, पाऊस लागलाय.’’

कॅमेऱ्यामागून एक तरुण आला. नम्र पोरगा होता. म्हणाला, ‘‘काका, छान. फक्त थोडं मुस्लिम टोनमध्ये घ्या ना.’’

‘‘म्हणजे कसं?’’

त्यानं करून दाखवलं, ‘‘अरे बेटी, संभालके जाव, बारिश आयेली है.’’

‘‘बाळा, ही बोली मुंबईतली. आमच्या चार पिढ्या इथल्या. आमच्यात कुणी असं बोलत नाही,’’ मी म्हणालो. तो हसला, ‘‘प्रेक्षकांना लगेच कळायला पाहिजे ना, काका.’’ माझ्याच्यानं ते वाक्य नीट झालं नाही. पाच-सहा वेळा घेऊन त्यांनी ‘बघू’ म्हणून सोडून दिलं.

तो भाग लागला तेव्हा मी काकूंकडं गेलो. त्या आता थकल्यात, दिसायला कमी झालंय, पण टीव्ही सुटत नाही. माझा प्रसंग आला. दाढी माझी, टोपी माझी, ओठ माझे. आवाज दुसऱ्याच कुणाचा घातला होता.

काकूंनी मान तिरकी केली. ‘‘आरं,’’ म्हणाल्या, ‘‘तू हाईस म्हणालास न्हवं? मला काय ऐकू येईना बघ.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)